सीमाभागात पायी आणि सायकलने फिरताना मोबाइलचा नकाशा कसा वापरावा

बेळगाव तालुक्यात सुळगा नावाची दोन गावे आहेत. एक वेंगुर्ला रस्त्यावर हिंडलग्याच्या पुढे आहे आणि दुसरे येळ्ळूरच्या बाजूला आहे. म्हणूनच आपल्याकडे बातमीत किंवा लग्नपत्रिकेत सुद्धा ‘सुळगा (हिंडलगा)’ आणि ‘सुळगे (येळ्ळूर)’ असे कंसात लिहिण्याची रीत पडली आहे. पुण्याहून आलेल्या माझ्या मामेभावाला ही रीत ठाऊक नव्हती. येळ्ळूरकडच्या सुळग्यात भेटून तिथून राजहंसगडापर्यंत पायी जायचे, असे आमचे ठरले होते. त्याने मोबाइलवर गावाचे नाव लिहिले, पहिले जे आले त्यावर बोट ठेवले आणि तो भाड्याच्या सायकलने थेट हिंडलग्याच्या दिशेने निघून गेला. शहराच्या एका अंगाला तो आणि दुसऱ्या अंगाला आम्ही, अशा अवस्थेत सकाळची गार वेळ संपली, आणि गडाची वाट आम्ही भर उन्हात चढलो.

यात ॲपचा दोष काढण्यात अर्थ नाही, कारण त्याला जे नाव दिले गेले त्या नावाचे गाव त्याने दाखवले. आपल्या भागात एकाच गावाची दोन-तीन नावे असतात, एका नावाची दोन गावे असतात, पाट्या एका लिपीत आणि बोलणे दुसऱ्या भाषेत असते, आणि पाच-दहा किलोमीटर चालले की राज्य बदलते. अशा मुलखात पायी किंवा सायकलने फिरणाऱ्या पाहुण्याचा दिवस कसा जाणार हे बहुतांशी आदल्या संध्याकाळीच ठरते. म्हणून या लेखाचा मोठा भाग घरी किंवा लॉजवर, चांगली रेंज असताना करायच्या कामांना दिला आहे.

आदल्या संध्याकाळी

पहिले काम नावांचे. रोमन लिपीत ‘ळ’ हरवतो आणि ऱ्हस्व-दीर्घही हरवते, त्यामुळे येळ्ळूर, बेळगुंदी, कंग्राळी, कडोली ही नावे नकाशावर निरनिराळ्या वर्णलेखनांत सापडतात. शिवाय कन्नडमधून आलेले रूप वेगळे असते. आपली निपाणी तिथे ‘निप्पाणी’ होते, चिकोडी ‘चिक्कोडी’ होते, सौंदत्ती ‘सवदत्ती’ होते आणि कदंबांच्या मंदिरांचे हलशी ‘हलसी’ होते. खुद्द शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले आहे, मात्र जुन्या नोंदींत बेळगाव राहिलेच आहे. ठिकाण शोधताना आधी देवनागरीत नाव लिहून पाहावे, मग रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहावे, आणि जे ठिकाण सापडेल त्याच्या शेजारची गावे ओळखीची आहेत का हे नकाशा मोठा करून तपासावे. कंग्राळीसारख्या ठिकाणी बुद्रुक की खुर्द हेही पाहावे लागते. खात्री पटली की ते ठिकाण जतन करावे आणि त्याला स्वतःच्या भाषेतले नाव द्यावे. ‘सुळगे, येळ्ळूरजवळचे, मारुती मंदिराचा चौक’ असे लांबलचक नाव दिले तरी हरकत नाही, कारण दुसऱ्या दिवशी वाटेवर तेच उपयोगी पडते.

कोणाला भेटायचे असेल तर गावाचे नाव कळवण्यापेक्षा ठिकाणाचे अक्षांश-रेखांश पाठवणे अधिक चांगले. नकाशावर बोट दाबून धरले की खूण उमटते आणि तिचे आकडे दिसतात. बेळगाव शहर साधारण १५.८५ उत्तर अक्षांश आणि ७४.५० पूर्व रेखांश इथे आहे, त्यामुळे पाठवलेले आकडे याच्या आसपासचे आहेत का हे पाहिले की मोठी चूक लगेच ध्यानात येते. आमच्या त्या सकाळी एवढे केले असते तर मामेभावाचा फेरा वाचला असता.

दुसरे काम नकाशा उतरवून ठेवण्याचे. जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे, भीमगडच्या रानाकडे किंवा वैजनाथच्या डोंगरामागे रेंज कधी असते, कधी नसते, म्हणून नकाशा फोनमध्येच असला पाहिजे. इथे एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. गूगल मॅप्समध्ये चौकोन आखून ऑफलाइन नकाशा उतरवता येतो हे खरे, परंतु रेंज गेल्यावर तो फक्त वाहनाचा मार्ग सांगतो. पायी चालण्याचा आणि सायकलचा मार्ग ऑफलाइन मिळत नाही. ज्याला पायी जायचे आहे त्याला नेमका रानात गेल्यावर याचा पत्ता लागतो. यासाठी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड यांपैकी एक ॲप सोबत असावे. ही दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या, स्वयंसेवकांनी २००४ पासून घडवत आणलेल्या मुक्त नकाशावर चालतात आणि इंटरनेट नसतानाही पायवाटेचा, सायकलचा मार्ग काढून देतात. चढ-उतार बारकाईने पाहायचे असतील तर ओएसएमअँडमध्ये समोच्च रेषाही उतरवून घेता येतात. या ॲपचे नकाशे राज्यांच्या हिशेबाने तुकड्यांत मिळतात, त्यामुळे फक्त कर्नाटकाचा नकाशा घेऊन निघालेल्या माणसाचा पडदा बाचीच्या पुढे, शिनोळीला चंदगड तालुका लागताच, जवळजवळ कोरा होतो. आपल्या भागात फिरणाऱ्याने कर्नाटकासोबत महाराष्ट्राचा आणि चोर्ल्याकडे जाणार असेल तर गोव्याचाही नकाशा घ्यावा. उतरवून झाल्यावर फोन विमान मोडवर टाकून एकदा मार्ग काढून पाहावा. तो निघाला तरच तयारी झाली असे समजावे.

तिसरे काम वेळेच्या हिशेबाचे. मार्गाखाली ॲप जी वेळ लिहिते तिच्यात पाणी पिणे, देवळात टेकणे, फोटो काढणे, वाट चुकून परत येणे यांपैकी काही धरलेले नसते. डोंगरवाटांसाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ढोबळ नियम मांडला, तो आजही वापरला जातो. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर धरावेत आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवावा. मार्ग १२ किलोमीटरचा आणि चढ एकूण ३०० मीटरचा असेल तर दोन तास चोवीस मिनिटे आणि वर अर्धा तास, म्हणजे जवळपास तीन तास झाले, आणि हे न थांबता चालणाऱ्याचे. मुले किंवा वडीलधारी मंडळी सोबत असतील तर मी त्याची दीडपट धरते. त्यावरून सूर्यास्ताच्या वेळेपासून उलटे मोजत निघण्याची वेळ ठरवावी.

हवामानासाठी भारतीय हवामान विभागाचे ‘मौसम’ आणि पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ अशी दोन ॲप घ्यावीत. दामिनी आपल्या आसपास वीज पडत असल्याची सूचना देते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचा पाऊस येतो तेव्हा राजहंसगडाच्या किंवा महिपाळगडाच्या उघड्या माथ्यावर असणाऱ्यांसाठी ही सूचना मोलाची आहे. सूचना आली की माथा सोडावा आणि एकट्या झाडाखाली उभे राहू नये.

शहरातल्या गल्ल्यांत

शहर पायी पाहण्यासारखे आहे आणि त्यासाठी फारशी तयारी लागत नाही. मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या भुईकोट किल्ल्यापासून सुरुवात करावी. किल्ल्यातली कमल बस्ती ही रट्ट राजवटीतली, १२०४ सालची. नेमिनाथांच्या या जैन मंदिराच्या छतातले दगडी कमळ मान वर करून पाहण्यात वेळ जातो, म्हणून तिथे फोन खिशात ठेवलेला बरा. किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे आणि स्वामी विवेकानंद १८९२ मध्ये बेळगावात राहून गेले होते. तिथून खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली हा बाजारभाग चालत पाहावा. टिळकवाडीकडे काँग्रेस रस्त्याने गेल्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालील १९२४ च्या अधिवेशनाची स्मृती जपणारे वीरसौध लागते.

गल्ल्यांत मात्र नकाशावरचा निळा ठिपका भरकटतो. फोनचे जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असते, पण उंच भिंतींच्या मध्ये उपग्रहांचे संकेत आपटून येतात आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. ठिपक्याभोवतीचे फिकट वर्तुळ मोठे झाले असेल तर फोनला स्वतःलाच खात्री नाही असा त्याचा अर्थ. अशा वेळी चौकात येऊन अर्धा मिनिट उभे राहावे किंवा सरळ दुकानदाराला विचारावे. दिशादर्शक बाण उलटा दाखवत असेल तर फोन हातात धरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन-तीनदा फिरवला की होकायंत्र ताळ्यावर येते. या भागात ‘कपिलेश्वर उड्डाणपूल’, ‘पहिले रेल्वे गेट’, ‘आरपीडी कॉर्नर’ अशा खुणांनी पत्ता सांगतात, रस्त्याच्या कागदोपत्री नावाने नव्हे, म्हणून या खुणा आधीच नकाशावर पाहून ठेवाव्यात.

शिवारात

शहराबाहेर पडले की नकाशावर तुटक रेषेने दाखवलेल्या वाटा लागतात. त्यांतल्या कित्येक वाटा म्हणजे दोन शेतांच्या मधून जाणाऱ्या पाणंदी असतात. डिसेंबर-जानेवारीत पाणंदीसारखी चालायला सुखाची वाट नाही, एका बाजूला हरभरा, दुसऱ्या बाजूला मसूर आणि पायाखाली मऊ धूळ. तीच पाणंद जुलैत भाताच्या चिखलात गुडघ्यापर्यंत बुडालेली असते. नकाशावरची रेषा दोन्ही ऋतूंत सारखीच दिसते.

एकदा देसूरच्या बाजूने गडाकडे जाताना मी अशाच एका रेषेच्या भरवशावर निघाले होते. बांधावर गवत कापत बसलेल्या एका आजोबांनी विळा थांबवून हाक मारली, “कुठं चाललासा? त्या वाटेनं जाऊ नकासा, पुढं पाणंद मोडल्या.” मी फोन दाखवून म्हटले, “यात वाट आहे, आजोबा.” ते उठले, माझ्यासोबत वीस पावले चालले आणि हात करून दाखवले. ओढ्याने पाणंदीचा तुकडा पुरता खाल्ला होता आणि खाली दोन पुरुष खोल खड्डा होता. मग त्यांनीच आंब्याच्या झाडापासून वळणारी दुसरी वाट सांगितली, जी कोणत्याही ॲपमध्ये नव्हती. तेव्हापासून वाट रस्ता सोडून शिवारात शिरते त्या जागी भेटेल त्या माणसाला विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. बेळगाव, खानापूर तालुक्यांच्या खेड्यांत बहुतेक ठिकाणी मराठीत विचारून भागते. पूर्वेकडे गोकाक, सौंदत्तीकडे गेल्यावर कन्नड लागते. त्यासाठी गूगल ट्रान्सलेटमध्ये कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषा आधीच उतरवून ठेवाव्यात. बसची कन्नड पाटी वाचण्यासाठी कॅमेऱ्याचा उपयोग होतो, पण बस थांबण्याच्या वेळात ते साधत नाही. आपल्या परतीच्या गावाचे नाव कन्नड लिपीत कोणाकडून तरी लिहून घ्यावे, त्याचा फोटो ठेवावा आणि अक्षरांचा आकार डोळ्यांत बसवावा.

जीपीएसची ती पाच मीटरची चूक सपाटीवर नगण्य असते, परंतु कड्याच्या काठावर ती जीवघेणी ठरू शकते. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. तिथे, तसेच गोडचिनमलकीला, काठाजवळ पडदा पाहत चालू नये, थांबून पाहावे आणि मग चालावे. पावसाळ्यात खडकावर शेवाळ असते, त्याची नोंद नकाशात नसते.

परतीसाठी सर्वांत उपयुक्त सोय म्हणजे आपण आलो ती वाट नोंदवून ठेवणे. निघताना ॲपमध्ये मार्गनोंदणी सुरू केली की मागे एक रेघ उमटत जाते. धुके आले, पाऊस आला किंवा फाट्यावर गोंधळ झाला तर त्या रेघेवरून पावलापावलाने मागे येता येते. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे विमान मोडवरही ही नोंदणी चालते. फक्त पहिल्यांदा ठिकाण सापडायला रेंज नसताना काही मिनिटे लागू शकतात, म्हणून नोंदणी गावातच सुरू करावी.

सायकलवर

गूगल मॅप्सने डिसेंबर २०१७ मध्ये भारतात दुचाकीचा पर्याय आणला, पण तो मोटारसायकलसाठी आहे. सायकलस्वाराने तो वापरला तर अंतर कमी दिसते म्हणून पुणे-बंगळूर महामार्गाचा तुकडा वाट्याला येण्याची शक्यता असते, आणि भरधाव ट्रकांच्या शेजारून सायकल चालवण्यात कोणताही आनंद नाही. मार्ग आखताना मध्ये दोन-तीन गावांचे थांबे स्वतः घालावेत, म्हणजे ॲप आतल्या रस्त्यांनी नेते. नवख्या माणसाला मी हिंडलगा, उचगाव, बाची, शिनोळी हा वेंगुर्ला रस्ता सुचवते. हा रस्ता अगदी सकाळी घ्यावा. उचगावात मळेकरणी देवीचे स्थान आहे आणि शिनोळीच्या पुढे वळून देवरवाडीच्या वैजनाथाला जाता येते. परतताना बसने येण्याचा विचार असेल तर आधी चौकशी करावी, कारण सीमाप्रश्न तापला की दोन राज्यांमधील बसगाड्या एकाएकी थांबतात.

नोव्हेंबरपासून ऊसतोडीचा हंगाम असतो. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, संकेश्वर भागातल्या रस्त्यांवर एकेका ट्रॅक्टरमागे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या असतात, त्या झुलत चालतात आणि मागे दिवा असतोच असे नाही. नकाशावर हे रस्ते निवांत दिसतात, तरी या महिन्यांत अंधार पडण्याआधी सायकल मुक्कामी पोहोचली पाहिजे. फोन हँडलला घट्ट स्टँडवर लावावा, मार्गदर्शनाचा आवाज मराठीत ठेवावा आणि इअरफोन लावायचाच असेल तर एकाच कानात, रस्त्याकडचा कान मोकळा ठेवून लावावा. पायी चालणाऱ्याने, पदपथ नसेल तिथे, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे.

जिथे नोंद करू नये, जिथे जाऊ नये

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे आणि कॅम्पचा मोठा भाग लष्कराच्या अखत्यारीत आहे. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या ॲपमधून लष्करी माहिती कशी फुटते हे जगाला जानेवारी २०१८ मध्ये कळले. स्ट्राव्हाने त्याआधी प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशावर धावणाऱ्या सैनिकांच्या मार्गांवरून दूरदेशीच्या लष्करी तळांच्या वाटा उजळून दिसत होत्या. आपल्या नगराशी जवानांचे जे नाते आहे त्याला जागून कॅम्पात शिरण्याआधी मार्गनोंदणी बंद करावी, मनाई असलेल्या जागी फोटो काढू नयेत आणि पहारेकरी सांगेल तिथून मागे फिरावे, मग नकाशावर पुढे रस्ता दिसत असला तरीही.

हेच जंगलाला लागू आहे. खानापूर तालुक्यातले भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथल्या पायवाटा मुक्त नकाशावर दिसतात, परंतु वाट दिसणे म्हणजे परवानगी असणे नव्हे. वनखात्याच्या परवानगीवाचून आत जाऊ नये. या रानात अस्वले आहेत आणि पहाटे किंवा तिन्हीसांजेला त्यांची गाठ पडणे धोक्याचे असते. कानात गाणी लावून चालणाऱ्याला झुडपातली चाहूल लागत नाही.

बॅटरी, सोबत आणि मदत

दोन राज्यांच्या टॉवरांमध्ये रेंज शोधत राहिल्याने सीमेजवळ बॅटरी झपाट्याने उतरते. रेंज नकोच असेल तिथे विमान मोड लावावा आणि पडद्याचा उजेड कमी ठेवावा. पॉवर बँक आणि फोन दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवावेत. ओल्या पडद्यावर बोट चालत नाही, म्हणून एक कोरडा रुमालही त्याच पिशवीत असावा. खेड्यातल्या चहाच्या गाड्यावर रेंजअभावी पैसे पाठवता येत नाहीत तेव्हा सुट्टे पैसे लागतात.

घरच्यांना व्हॉट्सॲपवरून चालू ठिकाण आठ तासांपर्यंत दाखवता येते, पण रेंज गेली की ते शेवटच्या जागी गोठते आणि घरची माणसे घाबरतात. म्हणून सोबत एक साधा निरोप लिहावा, ‘कणकुंबीहून दहाला निघतो, दुपारी तीनपर्यंत रेंज नसेल, पाचपर्यंत फोन आला नाही तर चौकशी करा’. अडचणीत ११२ हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो आणि स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोहोचत असेल तर आपत्कालीन फोन लागतो. बोलताना आपले अक्षांश-रेखांश वाचून दाखवावेत आणि सर्वांत जवळच्या गावाचे नाव तालुक्यासह सांगावे.

परत आल्यावर एक काम उरते. ओपनस्ट्रीटमॅपवर कोणालाही खाते उघडून दुरुस्ती करता येते, आणि तिथे प्रत्येक गावासाठी मराठी नावाचा वेगळा आणि कन्नड नावाचा वेगळा रकाना असतो, त्यामुळे एकाने भरलेले नाव दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप वाटेत उभ्या-उभ्या सोपे प्रश्न विचारून त्यांची उत्तरे थेट नकाशात भरते. मोडलेली पाणंद, आटलेली विहीर, नवा सांडवा अशा गोष्टी प्रत्यक्ष पाहून आलेल्यांनीच तिथे लिहाव्यात. देसूरकडची ती तुटलेली पाणंद मी त्याच रात्री नकाशातून काढली आणि आंब्यापासून वळणारी आजोबांची वाट, माझ्या नोंदीच्या रेघेवरून, तिच्या जागी आखली.